खाली येणारा डबा

१

मुलं शाळेत आणि माणसं ऑफिसात गेली की आमच्या मजल्यावर दोघीच उरतो: मी आणि शेजारच्या घरातली त्या वेळची आजी.

त्या वेळची म्हणते, कारण शेजारी आज्या बदलतात. प्रबोध आणि विनीता दोघंही नोकरीवाले, ऋता पहिलीत. मग सहा महिने प्रबोधची आई, सहा महिने विनीताची आई. खोली एकच, पलंग एकच. म्हणून एक आजी ज्या दिवशी निघते त्याच दिवशी दुसरी उतरते. चांगी विमानतळावर दोन विहिणी भेटतात, नमस्कार करायचा की मिठी मारायची हे ठरेपर्यंत एकीला आत बोलावतात आणि दुसरीची बॅग गाडीत चढते. सिंगापुरात आपल्या बऱ्याच घरांत असंच चालतं. आम्ही त्याला ड्यूटी बदलणं म्हणतो, आज्यांच्या देखतसुद्धा.

अरुणाताई म्हणजे प्रबोधची आई. मिरजेच्या. रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि मी माझी टाकायची. खालच्या हॉकरच्या टपरीवरचा दाट, गोड चहा आणून दिला की पहिला घोट घेऊन विचारायच्या, "हा चहा आहे की बासुंदी?" आणि सगळा प्यायच्या. समोरच्या ब्लॉकमध्ये बांबूवर वाळत घातलेल्या चादरी बघून म्हणायच्या, "पिळायला शिकवलं नाही वाटतं ह्यांना कोणी." विनीताच्या उपम्यापासून पंतप्रधानांच्या शर्टापर्यंत कशालाच त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. हसून हसून माझं पोट दुखायचं.

पण घरात त्यांचा त्रास होता, खोटं कशाला बोलू? विसरायला लागल्या होत्या. गॅस चालू राहायचा. ऋताचे शाळेचे बूट देवघराखाली सापडायचे. कोणी काही बोललं की आवाज असा चढायचा की लिफ्टपाशी ऐकू यावा.

शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरमध्येच उघडते. मी मुद्दाम उभी राहत नाही, पण कुंड्यांना पाणी घालायचं म्हटलं की वेळ लागतोच. तर अशीच एकदा पाणी घालताना ऐकलं. प्रबोध सांगत होता, "मिरजेला न्यायचंच नाही. पुण्याला उतरलो की थेट तिकडे. एकदा तिथे रुळली की सांगू."

तिकडे म्हणजे मुळशीच्या बाजूला एक वृद्धाश्रम. प्रबोध त्याला सीनिअर लिव्हिंग म्हणतो. मिरजेच्या घरात भाडेकरू आलासुद्धा होता. आणि अरुणाताई मला सांगत होत्या की गेल्या गेल्या अंगणातल्या लिंबाचं लोणचं घालायचं आहे.

मी मनाशी ठरवलं की त्यांना सांगायचं. कळलं की त्या घर डोक्यावर घेतील, आणि आईचा आवाज चढला की प्रबोध टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दुसरा कुठलाच उपाय नव्हता. त्यांचं सगळं त्यांच्या तोंडावरच अवलंबून होतं.

२

संधी विनीतानेच आणून दिली. "काकू, शनिवारी आईंना कुठेतरी फिरवून आणाल? बॅग भरायची आहे. समोर असल्या की मी एक वस्तू आत ठेवते, त्या दोन बाहेर काढतात."

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की हार्बरच्या पुढे समुद्रालगतच्या टेकडीवर जुनी दोरीची रेल्वे दुरुस्त करून शनिवार-रविवारी चालू केली आहे. अरुणाताईंना चढवत नाही, पण समुद्र आवडतो. विनीताने लगेच फोनवर तिकिटं काढली, सकाळच्या पहिल्याच फेरीची.

आम्ही राहतो त्या चोआ चू कांगहून तिकडे जायला जवळचा रस्ता दुसरा आहे, पण अरुणाताईंचा हट्ट धोबी घाट स्टेशनला गाडी बदलायची. ते नाव त्यांना फार आवडायचं. फलाटावर उतरून मोठ्याने म्हणाल्या, "इथेही धोबी घाट! आणि समोरच्या ब्लॉकवाल्यांना चादर पिळता येत नाही!"

"हळू बोला, अरुणाताई."

"का? इथे कोणाला कळतंय? तेवढंच एक सुख आहे ह्या देशात."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांना एसीने थंडी वाजते, म्हणून जांभळा स्वेटर घातला होता. बाहेर पडल्यावर काढला आणि मी घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. डब्याखाली, नीट. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलेलं आहे.

३

टेकडीच्या पायथ्याशी छोटंसं स्टेशन. ताजा हिरवा रंग, आणि त्याखालून येणारा जुन्या ओल्या लाकडाचा वास. मागे दगडांवर पाणी आपटत होतं. रूळ सरळ झाडीत वर चढत गेलेले, मधून बोटभर जाडीची लोखंडी दोरी. डबा पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येक बाक आधीच्या बाकापेक्षा जरा वर.

"ह्यात बसायचं?" अरुणाताई म्हणाल्या. "ही तर आमच्या मिरजेच्या दवाखान्यातली लिफ्ट. कोणीतरी आडवी पाडलेली."

डबा चालवणारा एक पन्नाशीचा चिनी माणूस होता. मी विचारलं, इंजिन कुठे आहे? त्याने दोन्ही हात पुढे करून एक वर, एक खाली करून दाखवला. एकाच दोरीला दोन डबे. हा वर जातो तेव्हा वरचा खाली येतो, मध्यावर एकमेकांना ओलांडतात. त्याचं वजन ह्याला ओढतं, वरची मोटर नुसता हातभार लावते.

"आणि वरच्या डब्यात कोणी नसलं तर?"

"एम्प्टी ऑल्सो मस्ट कम डाउन, आंटी." आता रिकामाच येईल, पहिली फेरी आहे, वरचं फाटक अजून उघडलेलंच नाही, असं तो म्हणाला.

मी अरुणाताईंना मराठीत सांगितलं. त्या मान हलवून हसल्या. "म्हणजे आमच्यासारखंच की. एक आजी वर, एक खाली. विहीणबाईंचा डबा कुठला गं?"

आम्ही दोघी मधल्या बाकावर बसलो. बाकी डबा रिकामा. तो माणूस पुढे, आमच्याकडे पाठ करून. दार लागलं, आणि दोरी गुणगुणायला लागली. खाली रुळांमध्ये लहान लहान चाकं असतात, त्यांच्यावरून ती घासत जाते. सुरुवातीला बारीक आवाज, मग भरत गेलेला, एखादी बाई तोंड मिटून काहीतरी म्हणत असावी तसा.

अरुणाताईंनी माझा हात धरलेला होता. त्यांची पकड घट्ट, अंगठी रुतायची. आणि तोंड चालूच. "मी गेल्यावर त्या विनीताला तू सांग. माझं ऐकत नाही. म्हणावं, फोडणीत मोहरी नीट तडतडली नाही तर..."

मध्यावर रूळ दोन झाले. आमचा डबा डावीकडे कलला आणि दुसरा झाडीतून खाली आला, अगदी हाताच्या अंतरावरून. काचेवर ओली पानं चिकटलेली. रिकामे बाक एकेक करून सरकत गेले.

मधल्या बाकावर जांभळा स्वेटर घातलेली बाई बसली होती. तिने तळहात काचेवर टेकवला होता. चेहरा पानांमुळे अर्धाच दिसला. मला वाटलं, काचेत काच दिसतेय. आपणच दिसतोय.

मग लक्षात आलं की आपण दिसत असतो तर तिच्या शेजारी मी दिसले असते. तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

डबा पुढे निघून गेला. मी वळून म्हटलं, "पाहिलंत?" अरुणाताई समोर बघत होत्या. मोहरी नीट तडतडली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. माझा हात सुटलेला होता.

४

वर पोचल्यावर त्या आपल्या आपण उतरल्या. एरवी दोन पायऱ्यांसाठी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायच्या आणि पायरी बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या.

समुद्रासमोर बाक होता. खाली मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी. ऊन चढलेलं, माझी मान घामाने चिकट झालेली. मी डबा उघडला, थालीपीठ दिलं.

"कसं झालंय?"

"छान आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. सहा-सहा महिने करत किती वर्षं झाली, माझ्या हातच्या कशालाही त्या बाईने छान म्हटलेलं नाही. थालीपिठाला तर त्या 'चामड्याची पोळी' म्हणायच्या आणि दुसरं मागायच्या.

मला वाटलं, थकल्या असतील. मी सकाळी गोळी घेऊन नीट खाल्लं नव्हतं, माझी साखर खाली आली असेल. अशा वेळी माणसाला काहीही वाटतं.

मग मी सांगून टाकलं. मिरज नाही, मुळशी. भाडेकरू. प्रबोध कसा बोलला ते, सगळं, शब्दाला शब्द. शेवटी म्हटलं, "आज घरी गेल्या गेल्या बोला. ओरडा. मी आहे तुमच्या बाजूने."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओठांना लागलेलं थालीपीठ बोटाने टिपलं.

"छान आहे की," त्या म्हणाल्या. "माणसं असतील. सोबत होईल. प्रबोधने विचार करूनच केलं असेल."

"अहो, आणि तुमचं घर? लिंबाचं लोणचं?"

"लोणचं काय, विकतही मिळतं."

धक्का बसला असेल, म्हटलं. किंवा त्यांना आधीपासून माहीत असेल आणि मला एवढ्या दिवसांत कळू दिलं नसेल. किंवा विसरण्याचाच प्रकार असेल, आज आपलं घरच विसरल्या. तिन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. तिन्ही मी स्वतःला आळीपाळीने पटवत होते.

वारा सुटला म्हणून मी पिशवीत हात घातला. स्वेटर नव्हता. डबा होता, पाण्याची बाटली होती, छत्री होती. मी सगळी पिशवी बाकावर उपडी केली.

"काय शोधतेस?"

"तुमचा स्वेटर."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला गार लागत नाही."

५

खाली येताना आमच्या डब्यात आम्हीच. वर जाणाऱ्या डब्यात मात्र लोक भरलेले, कारण तोवर खाली रांग लागली होती. मी काचेला नाक लावून बसले. मनाशी म्हणत होते, पर्यटक असतील, कोणीतरी जांभळं घातलं असेल, बघू आणि हसू.

दोरी गुणगुणली. दोन रूळ झाले. टोपीवाले लोक, फोन वर धरलेले, एक बाळ, सगळे आमच्याकडे बघून हात हलवत होते.

त्यांच्यामध्ये अरुणाताई उभ्या होत्या.

दोन्ही मुठींनी काच ठोकत होत्या. आवाज येत नव्हता. स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात, जसं त्या नेहमी लावायच्या. तोंड उघडं, कपाळाची शीर फुगलेली. शेजारचा टोपीवाला त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून माझा फोटो घेत होता. त्या मला बघत होत्या आणि शिव्या देत होत्या, मला, प्रबोधला, डबा बांधणाऱ्याला. आवाज नसला तरी मला ते तोंड वाचता येतं. सहा-सहा महिने रोज सकाळी वाचलेलं आहे.

"छान वारा आहे," माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं.

खाली पोचताच मी म्हटलं, मला परत वर जायचंय, आत्ता. तेवढ्यात वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. इथे आभाळ भरून आलं की बाहेरचं सगळं बंद करतात. डबे जागच्या जागी थांबले. वरच्या लोकांना पायऱ्यांवरून खाली आणायला लागले.

मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले आणि उतरणारा प्रत्येक चेहरा पाहिला. टोपीवाले आले. बाळ आलं. मग पायऱ्या रिकाम्या झाल्या.

"अजून एक बाई राहिली," मी त्या डबेवाल्याला सांगितलं. "पर्पल स्वेटर. ओल्ड लेडी."

त्याने माझ्यामागे बोट दाखवलं. "युअर फ्रेंड? सिटिंग देअर."

स्टेशनच्या बाकावर त्या बसल्या होत्या. हात मांडीवर, पाय जुळवलेले. पाऊस पागोळ्यांतून त्यांच्या पायांवर पडत होता आणि त्यांनी पाय मागे घेतले नव्हते. वाट बघत होत्या. अरुणाताईंनी जन्मात कोणाची वाट बघितली नव्हती.

दुसरं मी काय करणार होते? हात धरला आणि घरी घेऊन आले. पकड सैल होती. अंगठी बोटात होती, पण रुतली नाही.

६

शेजारी बॅग भरून झाली होती. प्रबोध दिवाणखान्यात उभा, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. लपवणं शेवटी त्याला झेपलं नसावं; धीर करून तो आईला म्हणाला, "आई, एक सांगायचंय. आपण मिरजेला नाही जाणार..."

"सुनेत्राने सांगितलं," त्या म्हणाल्या. "छान आहे."

विनीताने माझ्याकडे असं बघितलं की जाळून टाकेल. पण प्रबोधचे डोळे भरून आले. त्याने आईला मिठी मारली. मला वाटलं, आता कळेल ह्याला. मिठी मारल्यावर तरी कळेल. आपली आई आहे.

"थँक यू, आई," तो म्हणाला. "मला किती टेन्शन होतं."

ऋता सोफ्यावरून ओरडली, "आजी सो नाइस टुडे!"

मी विनीताला स्वयंपाकघरात ओढलं. "आईंना काहीतरी झालंय. डॉक्टरकडे ने. उद्या पाठवू नकोस."

"काय झालंय?"

काय सांगणार? "बोलत नाहीत," मी म्हटलं. "म्हणजे बोलतात. पण नावं ठेवत नाहीत."

विनीता हसलीच. "काकू, त्याला बरं होणं म्हणतात."

त्या दुपारी मी आडवी झाले होते. माझी झोपायची खोली आणि त्यांच्या घरातली आजीची खोली, मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडून गुणगुण ऐकू आली. बारीक, मग भरत गेलेली, मग क्षणभर थांबलेली, मग पुन्हा. आमच्या ह्या सरकारी इमारतींत सगळ्यांनाच वरच्या मजल्यावर गोट्या पडल्याचे आवाज येतात. पाइपातलं पाणी असतं, असं सांगतात. मी आमच्या यांना उठवलं. ते ऐकून म्हणाले, "पाइप आहे, सुनेत्रा. तुला शेजारच्या घराचा पाइपसुद्धा सोडवत नाही का?"

मी उठून शेजारी गेले. खोलीचं दार उघडं होतं. पलंग ओढून नीट केलेला, पंखा बंद. त्या खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. मी आत पाऊल टाकल्यावर गुणगुण थांबली.

"ये," त्या म्हणाल्या.

मी गेले नाही.

७

विमानतळावर मधुवंतीबाई आल्या. विनीताची आई, नाशिकची. ह्याही काही कमी नाहीत. ट्रॉली ढकलत येतानाच सांगत होत्या की विमानातल्या भाजीला विमानाचाच वास होता.

दोन विहिणी कठड्यापाशी भेटल्या. "खोली छान आहे," अरुणाताई त्यांना म्हणाल्या. मग प्रबोधच्या मागून सरळ आत निघून गेल्या. एरवी त्या काचेपलीकडूनसुद्धा हातवारे करून मला सूचना द्यायच्या. ह्या वेळी मागे बघितलं नाही. ऋता बाय बाय करत राहिली.

मधुवंतीबाईंनी मला बाजूला घेतलं. "ह्यांना काय झालंय हो? मागच्या वेळी मला दम दिला होता, माझा तांब्या वापरलात तर याद राखा म्हणून. मी मुद्दाम दुसरा तांब्या घेऊन आलेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निदान एका माणसाला कळलं होतं.

"वय झालं," मी म्हटलं. कारण विनीता ऐकत होती.

८

पुढच्या शनिवारी मी एकटीच टेकडीवर गेले. आमच्या यांना सांगितलं, मंदिरात जातेय.

त्या होत्या. माझा डबा वर, त्यांचा खाली. काच ठोकत होत्या. मीही ठोकली. "उतरा!" मी ओरडले. "खाली आलं की उतरा!" माझ्या डब्यातली माणसं मागच्या बाकांवर सरकली. मी वरून लगेच खाली आले. तोवर त्या वर निघालेल्या. खाली थांबून त्यांच्या डब्याची वाट पाहिली, तर डबा आला, दार उघडलं, आणि त्यात फक्त लोक होते. त्या दिसायच्या त्या मध्यावरच, दोन डबे एकमेकांना ओलांडतात तेवढ्यापुरत्या.

डबेवाल्याला विचारलं, कोणी आत राहून जातं का? तो माझ्यावर रागावला नाही. "आय चेक एव्हरी सीट, आंटी," तो म्हणाला, आणि पुढच्या फेरीला मला बसू दिलं नाही. म्हणाला, घरी जा, आराम करा.

मी नंतरही जात राहिले. पैशांचं यांना कळलं, भांडण झालं, तरी गेले. एका शनिवारी त्या काच ठोकत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. नंतर बोलणंही थांबलं. तळहात तेवढा काचेला. मी इकडून हातवारे करायची, डबा उघडून थालीपीठ दाखवायची, चामड्याची पोळी आहे बघा, म्हणायची. निदान तोंड वाकडं करतील.

मुळशीहून आलेले फोटो प्रबोध मला पाठवायचा. हिरवळ, खुर्च्या, मध्ये अरुणाताई हसताना. तिथल्या बाई म्हणे सांगतात, अशी गुणी आजी आमच्याकडे दुसरी नाही. एकदा मी व्हिडिओवर बोलले. विचारलं, "अरुणाताई, काही हवंय का?" त्या हसल्या आणि काही नको म्हणाल्या. मागे कोणीतरी टीव्ही लावला होता. गुणगुण ऐकू आली ती टीव्हीचीच, असं स्वतःला म्हणत मी फोन ठेवला.

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुसऱ्या डब्यातल्या अरुणाताई बाकावर बसलेल्या होत्या. स्वेटरची बटणं बरोबर लावलेली. माझ्याकडे बघितलं, चालत्या बसमधून फुटपाथवरच्या माणसाकडे बघतात तसं. मग नजर पुढे गेली.

त्यानंतर मी गेले नाही.

९

काल सकाळी विनीता दाराशी आली. घरूनच काम करत होती, कानात ते बारीक यंत्र. शेजारून मधुवंतीबाईंचा आवाज येत होता. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत, ह्या घरात डाळीला कोणी वाली नाही, आणि ऋताला मराठी येत नाही म्हणजे तुम्ही दोघांनी लाज सोडली आहे. ऋता आतून "आजी, स्टॉप लाह!" म्हणून इथल्या पोरांसारखी किंचाळत होती.

"काकू," विनीता म्हणाली, "आईलाही एकदा त्या टेकडीवर नेऊन आणाल?"

मी म्हटलं, "नाही."

"शनिवारी. पहिल्या फेरीला. मी तिकिटं काढते."

"विनीता, नाही म्हटलं ना. तू मला वेडी म्हण, पण तिथून मी ज्यांना परत आणलं त्या तुझ्या सासूबाई नव्हत्या."

ती हसेल असं वाटलं होतं. तिने कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये ऊन आलेलं होतं. खाली कोणीतरी झाडू मारत होतं.

"त्याच दिवशी कळलं. चपला काढून त्यांनी कपाटात ठेवल्या. सात वर्षांत कधी ठेवल्या नव्हत्या." तिचा आवाज हळू होता. "प्रबोधला विचारू नका हं, काकू. तो रोज झोपतो आता नीट."

"अगं, पण ही तुझी आई आहे. सख्खी."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," विनीता म्हणाली. "मला स्वतःला नाही नेववत."

तिचे डोळे लाल होते. रडली असेल किंवा झोपली नसेल. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि मी दोन्ही केलं नाही.

तेवढ्यात मधुवंतीबाई हातात डाव घेऊन बाहेर आल्या. "काय खलबतं चाललीत दोघींची? आणि तुम्ही हो सुनेत्राबाई, सकाळी सकाळी माझ्या लेकीला दारात उभी करून ठेवता, तुमच्या घरात कामं नसतात का? आणि हा तुमचा केसांचा रंग! कोणी सांगितलं तुम्हाला हा शोभतो म्हणून?"

विनीता खाली मान घालून फोनवर बोट फिरवायला लागली. शनिवार शोधत होती.

मी माझी खुर्ची ओढली आणि मधुवंतीबाईंना तिच्यावर बसवलं. त्यांचा डाव धरलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बोला," मी म्हटलं. "केसांचं काय म्हणत होता? थांबू नका."